पोटातली शाळा कधी भरते?

एनएसएसच्या कॅम्पला डिसेंबरात शहापूर तालुक्यात शेणव्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. काम होतं शोषखड्डे खणायचं. दोन फुटांवर कातळ लागला आणि आम्ही सगळे भावी इंजिनिअर पहारी टाकून जवळच्या पाड्यावर, अंगणवाडीच्या पडवीत सावलीला बसलो. आत मुलांची वजनं चालली होती. आढ्याला काटा, काट्याला झोळी, झोळीत रडणारं पोर, आणि बाई आकडा रजिस्टरात भरतायत. आमच्या मेकॅनिकलवाल्याने लगेच शंका काढली, "काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

शंका रास्तच. पण माझ्या डोक्यात दुसरीच राहिली. ही मोजणी सुरू होते जन्मानंतर. मूल आजारांना कसं तोंड देणार, यातलं बरंचसं त्याआधीच ठरून गेलं असेल तर?

परत आल्यावर वाचत सुटलो. (जर्नल अपूर्ण राहिलं, तो भाग वेगळा.)

आपल्या रक्तात टी पेशी असतात. यातला 'टी' थायमसचा. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची छोटी दोन पाकळ्यांची ग्रंथी. वयात आल्यावर ती आकसत जाते म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असं भारदस्त नाव आहे. 1961 पर्यंत तिचं काम काय हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्या वर्षी जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून दाखवलं, की तिच्याशिवाय प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही.

माणसात ही शाळा गर्भाच्या आठव्या-नवव्या आठवड्यातच भरते. तोवर गर्भाचं रक्त त्याच्या यकृतात बनत असतं. तिथून कच्च्या पेशी थायमसमध्ये येतात आणि त्यांची तोंडी परीक्षा होते. आपल्या शरीराची ओळखखूण वाचता येते का? नाही आली, तर पेशी मरते. आपल्याच शरीरावर धावून जातेस का? हो, तरीही मरते! ढोबळ अंदाजाने शंभरातल्या पाचही पास होत नाहीत. आपल्या युनिव्हर्सिटीला उगाच नावं ठेवतो आपण. चौदाव्या आठवड्याच्या आसपास पास झालेल्या पेशी गर्भाच्या रक्तात फिरू लागलेल्या असतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आईच्या काही पेशी वार ओलांडून बाळात येतात. बाळाच्या दृष्टीने त्या अर्ध्या परक्याच. 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दाखवलं, की गर्भातल्या टी पेशींचा एक गट या आईच्या पेशींवरचा हल्ला थोपवून धरतो. म्हणजे लढाईच्या आधी बाळ आईला सांभाळून घ्यायला शिकतं.

आता मुद्द्याचं. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, आई बाळाला तयार देते, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आयता डबाच म्हणा ना. पण टी पेशींची फौज बाळाला स्वतःच उभारावी लागते. आणि जन्मल्याबरोबर दंडावर टोचली जाणारी बीसीजी काम करते ती याच पेशींमार्फत. काही मुलं टी पेशींशिवायच जन्मतात. परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा मुलांचं निदान होतं. त्यांना बीसीजीतला दुबळा जंतूसुद्धा बाधू शकतो. तो आजार जनुकांचा आणि दुर्मिळ, त्याचा भुकेशी संबंध नाही. पण टी पेशी नसल्या तर काय होतं, ते त्यावरून कळतं.

भुकेचं काय? कुपोषित मुलांची थायमस आकसते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळ्यात, म्हणजे जुनं धान्य संपून नवं यायच्या आधी, हाल असतात. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणासारखेच. 1997 साली तिथला अभ्यास छापून आला: त्या हंगामात जन्मलेले लोक तरुणपणीच दगावण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. बांगलादेशात मात्र तसं आढळलं नाही. तेव्हा हे सिद्ध झालं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

जवळचा पुरावा मुंबईचा. 2006 पासून तिथल्या वस्त्यांमध्ये 'सरस' प्रकल्पात बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला. 2014 ला निकाल आला. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅम जास्त भरलं, पण अगदी बारीक बायकांत फरक दिसला नाही. टी पेशी त्यांनी मोजल्या नव्हत्या. मला त्यातून एवढंच दिसतं, की सुरुवात लवकर हवी, आणि फार खंगलेल्या बाईला एका खाऊने भागत नाही.

आपल्याकडे मात्र तीन महिने कुणाला सांगायचं नाही आणि डोहाळजेवण सातव्यात. पोटातली शाळा तर कधीच भरलेली! सरकारी नियम बरा आहे, नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असं सांगतो. पण आम्ही गेलो तेव्हा पाड्यावरची निम्मी घरं बंद होती. माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली, परतणार पावसाच्या तोंडावर. जाताना एखादीला दुसरा महिना असेल, तर घरी येईस्तोवर आठवा संपत आला. हा हिशोब करायला एम-थ्री लागत नाही. अमृत आहार योजनेतलं गरोदर बाईचं ताट अंगणवाडीत, आणि बाई भट्टीवर.

आशाताईंकडे गर्भचाचणीचे 'निश्चय' किट असतात. दिवाळीच्या आठवड्यातच ते पाड्यापाड्यावर फिरले पाहिजेत, आणि नाव नोंदलेल्या बाईला भट्टीजवळच्या अंगणवाडीने कुठलीही कटकट न करता जेवू घातलं पाहिजे. मित्र म्हणाला, "अरे, एवढ्या लवकर ताट देऊन टी पेशी वाढतात हे कुठे सिद्ध झालंय?" नाही झालं. पण गरोदर बाईला जेवायला घालण्यासाठी आधी सिद्धता मागायची, हे मला पटत नाही.

आणि एनएसएसच्या सरांना एक विनंती. पुढचा कॅम्प डिसेंबरात नको, दिवाळीआधी घ्या. तेव्हा पाडे भरलेले असतात, आशाताईंबरोबर आम्हीही घरोघर फिरू. सबमिशन त्याच सुमारास असतं, हे मला माहीत आहे.