सायकल स्वस्त असू द्या, पण साधी असू द्या

पाच-सहा हजारांची सायकल घ्यावी का, ती टिकते का, हा प्रश्न दर वर्षी शाळा उघडायच्या सुमारास पालक मला विचारतात. मी बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वडिलांचं खामगावात सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरऑइलिंग, सगळं तिथे चालायचं. चाकाचा आउट काढायला मी दहावीच्या आधीच शिकले. त्या अनुभवाच्या जोरावर माझं उत्तर ठाम आहे: घ्या. मात्र साधी घ्या, आणि जो माणूस ती नीट जोडून देईल व पुढे दुरुस्तही करील, त्याच्याकडूनच घ्या.

मोठ्या शहरांतले हौशी सायकलस्वार सांगतात, की वीस-पंचवीस हजारांखालची सायकल घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. त्यांच्या छंदापुरतं ते खरं असेल. पण नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीला तीन-चार किलोमीटरवरची शाळा गाठायची असते. महागडी सायकल तिच्या हिशेबातच नसते. स्वस्त सायकल मिळाली नाही तर तिला पायपीट करावी लागते, आणि पायपीट झेपली नाही तर शाळा सुटते. अशा घराला ‘स्वस्त सायकल घेऊच नका’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

साध्या सायकलीने काय होतं, हे बिहारने दाखवून दिलं आहे. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकल घ्यायला प्रत्येकी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेमुळे माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, असं त्यांना आढळलं. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, त्या गावांत हा परिणाम ठळक होता. दोन हजारांत आली ती साधी, बिनगिअरची सायकल. तेवढ्यावर हजारो मुली शाळेत टिकल्या.

आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. आपल्या जिल्ह्यातले काही तालुके त्यात आहेत. पूर्वी ही रक्कम साडेतीन हजार होती, २०२२ मध्ये ती पाच हजार झाली. म्हणजे स्वस्त सायकलीचा प्रश्न इथे चैनीचा नाही, तो शिक्षणाचा आहे. त्या पाच हजारांत काय घेतलं जातं, याकडे म्हणूनच बारकाईने पाहायला हवं.

आता अकोला, संभाजीनगरच्या मोठ्या दालनांत आणि मोबाइलवर एक वेगळीच सायकल मिळते. दिसायला मोटारसायकलची धाकटी बहीण. जाड टायर, पुढे शॉकअप, कधी मागेही शॉकअप, गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, अंगावर भडक पट्टे. आठवीतल्या मुलाचे एक वडील मला म्हणाले, “काय करू मॅडम, पोट्टं आयकतच नाही. शॉकअपवालीच पायजे म्हणते.” मुलाचा हट्ट मला समजतो. वर्गातल्या चौघांकडे ती असते, त्यालाही हवी असते. तरी वडिलांनी हिशेब मांडायला हवा.

साध्या सायकलीत तुमचे सहा हजार फ्रेम, रिम, हब, टायर आणि सीट यांच्यावर खर्च होतात. त्याच सहा हजारांत शॉकअप, गिअर आणि डिस्क बसवायचे, तर कारखानदार पैसा कुठून काढणार? रिमचा पत्रा पातळ होतो, हब हलका येतो, छर्ऱ्यांना ग्रीस पुरेसं लागत नाही. नाव शॉकअपचं असतं, आत साधी स्प्रिंग असते. पेडल मारणाऱ्या पायाचा जोर थोडा तीच खाऊन टाकते. शिवाय वजन वाढतं. सोळा-सतरा किलोंची सायकल पस्तीस किलोंच्या मुलाने उन्हातून ओढायची, आणि तीही पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर, जिथे गिअरची गरज क्वचितच पडते.

गिअरचं दुखणं मी शाळेच्या सायकल स्टँडवर रोज पाहते. एक सायकल कलंडली, की तिच्यासोबत पूर्ण रांग आडवी होते. त्यात मागच्या चाकाजवळचा गिअरचा हलका सांगाडा वाकतो. मग चेन एका दातावर थांबत नाही, आणि एखाद्या दिवशी तो सांगाडा थेट आऱ्यांत अडकतो. सात चकत्यांचं फ्रीव्हील बसवायला मागचा एक्सल एका बाजूने लांब काढलेला असतो. हलक्या पोलादाचा तो एक्सल डबलसीट आणि खड्डे सोसत नाही, वाकतो. गावातल्या मिस्त्रीकडे हे सुटे भाग नसतात. तो शेवटी गिअर काढून टाकतो, चेन तोडून आखूड करतो आणि सायकल एकाच दातावर चालती करून देतो. ज्या गिअरसाठी जास्तीचे पैसे मोजले, ते दुकानाच्या कोपऱ्यातल्या भंगारात पडतात. डिस्कचीही तीच गत. पातळ तबकडी जरा वाकली की घासते, चाक जड होतं, आणि तिचे पॅड तालुक्यालाही मिळतील याची खात्री नाही. साध्या ब्रेकचे रबर मात्र आपल्या भागात कोणत्याही सायकल दुकानात मिळतात.

साध्या सायकलीतही उणिवा आहेत आणि त्या पालकांना माहीत असाव्यात. पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेक नीट धरत नाही, म्हणून पावसाळ्यात मुलांना हळू चालवायला आणि आधीपासून ब्रेक दाबायला शिकवावं लागतं. राजूर घाट किंवा बोथा घाट अशा सायकलीवरून भरधाव उतरू नये. बुलढाणा, चिखली या घाटावरच्या चढउतारांत रोज लांब जायचं असेल, तर गिअर खरंच उपयोगी पडतो. पण मग चांगला गिअर घ्यायला दुप्पट पैसे ठेवा, किंवा चांगल्या बनावटीची जुनी सायकल शोधा. सहा हजारांत गिअर घेऊ नका.

दुसरी मोठी बाब आहे जोडणीची. खोक्यातून येणारी सायकल ‘८५ टक्के जोडलेली’ असते. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट आणि ब्रेक येतात, म्हणजे मुलाचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते जवळपास सगळंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते माहीत नसलेला माणूस पान्ह्याने जोर लावून ते उजव्यासारखं पिळतो आणि क्रँकचे आटे कायमचे जातात. चिमटा उलटा बसवलेल्या, हँडलचा नट ढिला राहिलेल्या नव्या कोऱ्या सायकली मी स्वतः शाळेत सरळ करून घेतल्या आहेत. कसबी मिस्त्री मात्र हबचे कोन सैल-घट्ट पाहतो, छर्ऱ्यांत ग्रीस भरतो, आरे ताणतो, आउट काढतो. महिनाभर चालवल्यावर आरे जागेवर बसतात आणि थोडे सैल पडतात, म्हणून तेव्हा एकदा परत आणायलाही सांगतो. एवढी मेहनत घेतली, तर पाच हजारांची सायकल बारावीपर्यंत साथ देते. ती मेहनत न घेता चालवली, तर पहिल्याच पावसाळ्यात चाक लडबडतं.

अमेरिकेतही मोठ्या दालनांतल्या स्वस्त सायकलींचा हाच प्रश्न आहे. २०२१ च्या अखेरीस तिथल्या सायकल मेकॅनिकांनी एक मागणीपत्र काढलं. दुरुस्तच होऊ शकत नाहीत अशा सायकली बनवणं थांबवा आणि सायकल निदान ५०० तास तरी चालू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हा आकडा वर्गात फळ्यावर मांडला. जाऊन-येऊन रोज ४० मिनिटं, वर्षाला २२० शाळेचे दिवस, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १४७ तास. आठवी ते बारावी पाच वर्षांत ७३० तासांहून जास्त. अमेरिकेतले मेकॅनिक जे किमान मागत आहेत, त्याच्या जवळपास दीडपट आपल्या मुलीची गरज आहे. आणि तिच्या वाटेवर बाभळीचे काटे आहेत, पावसात मडगार्डखाली घट्ट बसणारी काळी माती आहे, सोल्यूशनचं ठिगळ सोडवणारं मे महिन्याचं ऊन आहे.

जाड नळीची, भक्कम कॅरिअरची, गावात दुरुस्त होणारी सायकल हाच गरिबाच्या वाहनाचा योग्य नमुना आहे, हे जगात इतरत्रही ओळखलं गेलं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली देण्यापासून ज्या संस्थेचं काम सुरू झालं, त्या वर्ल्ड बायसिकल रिलीफने आफ्रिकेच्या खेड्यांसाठी ‘बफेलो’ नावाची अशीच सायकल बनवली. संस्था सायकली देते आणि त्यासोबत गावातले मिस्त्रीही तयार करते. आपली योजना इथेच कमी पडते. अनुदान एकदा मिळतं आणि पुढची पाच वर्षं टायर-ट्यूब, ब्रेक, छर्रे यांचा खर्च त्याच मजुराच्या खिशातून जातो. पंक्चरचे पैसे नाहीत म्हणून आठवडाभर घरी उभी राहिलेली सायकल मी पाहिली आहे, आणि त्या आठवड्यात वर्गात रिकामी राहिलेली जागाही.

म्हणून माझी शासनाकडे मागणी आहे. सायकलीच्या अनुदानासोबत दर वर्षी थोडी दुरुस्तीची रक्कम द्या. शाळेला एक हवा भरायचा पंप, पान्ह्यांचा संच आणि पंक्चरचं साहित्य द्या. जवळच्या गावातला मिस्त्री महिन्यातून एकदा शाळेत बोलवा आणि त्याला मानधन द्या. त्याच्या शेजारी बसून मुलींना पंक्चर काढायला, ब्रेक आवळायला शिकवा. विज्ञानाच्या तासाला घर्षण आणि तरफ शिकवताना यापेक्षा चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

पालकांना चार गोष्टी सांगते. ‘वाढत्या मापाची’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसून मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. चाक उचलून फिरवा आणि ते डुलतं का पाहा. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. पूर्वीच्या सहा हजारांच्या सायकलीवर त्यामुळे सुमारे पावणेचारशे रुपये वाचायला हवेत, ते दुकानदाराकडे हक्काने मागा आणि चांगल्या टायरला लावा. आणि मुलगा शॉकअपसाठी अडून बसला, तर त्याला गावातल्या मिस्त्रीकडे घेऊन जा. तिथे काढून टाकलेले गिअर आणि वाकलेल्या डिस्क त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. मग दोघे मिळून साधी सायकल निवडा.