आधी तिन्ही फेज सारखे करा



एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य शासन भरते. देवणीच्या माळावर विहिरीला पाणी जेमतेम. तरी कापसाला बोंडे लागताना, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर पीक हाती लागते. नेमकी तेव्हाच मोटार जळते. बिल माफ झाले. रिवायंडिंगचे बिल कोण माफ करणार?

मोटार नुसती वीज कमी पडते म्हणून जळत नाही. वीज असमान येते म्हणूनही जळते. तिफणीच्या तीन नळ्यांत बी सारखे पडले नाही तर एक ओळ दाट आणि दोन विरळ उगवतात. डीपीवरच्या तीन फेजांचे तसेच. घरांची, दुकानांची कनेक्शने हाताला येईल त्या तारेवर टाकलेली. त्यात कन्डेन्सर लावून दोन फेजवर ओढलेल्या मोटारी. एका फेजवर ओझे पडते, त्याचे व्होल्टेज उतरते. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के तफावत पडली तर मोटारीची उष्णता सुमारे पंचवीस टक्के वाढते, असा जाणकारांचा आडाखा आहे.

आता तोटा पाहू. तारेतला तोटा अँपिअरच्या वर्गाने वाढतो. तिन्ही फेजवर ६०-६० अँपिअर असलेला भार १००, ५० आणि ३० असा वाटला, तर न्यूट्रल तेवढीच जाड धरूनही तोटा दीडपटीहून जास्त होतो. ही वीज कोणी चोरलेली नसते, ती तारेत जळते. खापर मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर फुटते.

इलाजाला नवे उपकेंद्र लागत नाही. पंप चालू असताना आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर, लाइनमनने क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजावे. जड फेजवरची काही कनेक्शने हलक्या फेजवर न्यावीत. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेची मानके आणि ती मोडल्यास भरपाई सांगितली आहे. म्हणजे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आपल्यालाही शिस्त हवी. दोन फेजवर मोटार चालवणे बंद करा. तारेला स्वतः हात लावू नका.

आमचे सांगणे एवढेच: पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने लाइनमनकडून मोजून घेतलेले आपल्या डीपीचे चार आकडे लिहून आणावेत. आकडे टाकणारे म्हणून आपल्याला आजवर हिणवले; आता आकडे मांडून जाब विचारू.