सामाईक फोल्डर आपोआप उघडलेच पाहिजे

आपल्या गोंदिया जिल्ह्यात राइस मिल घ्या, ठोक किराण्याची पेढी घ्या, नाहीतर लग्नपत्रिका व फ्लेक्स छापणारे दुकान घ्या. दोन-तीन संगणक एकमेकांना जोडलेले असतात. मुख्य संगणकात एक सामाईक फोल्डर, त्यात सारा हिशेब किंवा सारी डिझाइने, आणि बाकीच्या संगणकांवर तेच फोल्डर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु सकाळी संगणक सुरू केल्यावर हा ड्राइव्ह उघडलाच नाही तर काय होते, याकडे मालकमंडळींचे लक्ष नसते.

नोकरमाणूस थांबत नाही. बाहेर धानाची गाडी काट्यावर उभी असते. तो काटापावती आपल्याच संगणकात ठेवतो आणि ‘मागून टाकू’ म्हणतो. दुपारी ड्राइव्ह उघडतो, पुढच्या पावत्या तिकडे जातात. म्हणजे एका दिवसाच्या दोन कीर्दी झाल्या! सरकारी धानाच्या भरडाईत एका क्विंटलमागे अरवा तांदूळ ६७ किलो जमा करावा लागतो. तेथे चार पावत्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये राहिल्या तर मेळ कोठून बसणार? जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तर हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. डेस्कटॉपवर पडलेली फाइल तेवढी वर्षे टिकेल, असे कोणी समजू नये.

दोष नोकराचा नाही. वीज जाऊन आली की सगळे संगणक एकदम सुरू होतात. काट्यावरचा संगणक सामाईक फोल्डर मागतो तेव्हा मुख्य संगणक जागा झालेला नसतो, कधी राउटरच तयार नसतो. विंडोज संगणक लॉगिनच्या वेळी जोडणीचा प्रयत्न करतो, दार बंद दिसले की ड्राइव्हवर लाल फुली मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. संगणक दुरुस्त करणारे सांगतात, ‘फुलीवर क्लिक करा, उघडेल.’ बहुतेक वेळा उघडतेही. पण धंद्याचा हिशेब रोज कोणाच्या तरी क्लिकवर सोडणे आम्हाला मान्य नाही.

इलाज महाग नाही. मुख्य संगणक व राउटर यूपीएसवर ठेवावेत. मुख्य संगणकाला झोपू देऊ नये, स्लीप बंद करावे. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून घ्यावा, नाहीतर आज एक आकडा, उद्या दुसरा. ड्राइव्ह जोडताना ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’ या चौकटीत खूण हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. लॉगिननंतर मिनिट-दोन मिनिटांनी जोडणी पुन्हा करणारे काम टास्क शेड्युलरमध्ये लावून घ्यावे. लिनक्स वापरणाऱ्यांनी एफस्टॅब फाइलमधील ओळीत ‘नोफेल’ आणि ‘ऑटोमाउंट’ हे पर्याय टाकावेत. मग मुख्य संगणक बंद असला तरी दुसरा अडून बसत नाही, आणि फोल्डर प्रथम मागितले जाईल तेव्हा जोडले जाते. आमच्या मते ही रीत विंडोजपेक्षा सरस आहे. पासवर्ड मात्र त्या ओळीत उघडा लिहू नये, वेगळ्या बंद फाइलमध्ये ठेवावा.

आता उलट बाजू. जे दार आपोआप उघडते ते चोरालाही उघडे असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो किडा एसएमबी-१ या फोल्डर वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतील भोकातून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही पद्धत मुळातच बंद ठेवण्यात आली. तरी काट्यावरचा जुना एक्स्पी संगणक चालावा म्हणून ती पुन्हा सुरू करून देणारे कारागीर आहेत. असे करू देऊ नये. एक्स्पीला कंपनीचा आधार २०१४ सालीच संपला. दुसरी पिढी गाठलेला तो संगणक बदललेला बरा!

आणि बॅकअपची डिस्क? ती कधीही आपोआप जोडू नये. खंडणीखोर व्हायरस जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह कुलूपबंद करतो, त्याला मूळ आणि नक्कल यात फरक नाही. संध्याकाळी डिस्क जोडावी, नक्कल घ्यावी, काढून तिजोरीत ठेवावी. येथे हाताची मेहनतच हवी. काट्यावरच्या नोकराला फक्त काटापावत्यांचे फोल्डर द्यावे. मालकाचे खाते त्याच्या संगणकावर उघडण्याचे कारण नाही.

हे काम करून घेतल्यावर संगणकवाल्याला मजुरी देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. यूपीएससकट सगळे बंद करावे, पाच मिनिटांनी सगळे एकदम सुरू करावे आणि कशालाही हात न लावता थांबावे. प्रत्येक संगणकावर ‘झेड’ फुलीशिवाय दिसला आणि त्यातली कालची पावती उघडली, तरच मजुरी हातावर ठेवावी.