ब्रेकाचा आवाज ही नोटीसच होय

रिठद भागांतील सोयाबीन रिसोड-वाशीमच्या बाजारांत नेणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांचे ब्रेक वाजूं लागले तरी ‘हंगाम उरकल्यावर पाहूं’ म्हणून कित्येक मालक स्वस्थ बसतात. आमच्या मतें हें धोरण घातक आहे. आवाज ही मागणीची नोटीस होय. ती न जुमानल्यास जप्ती ठरलेलीच.

पावसांत उभ्या राहिलेल्या गाडीची खरखर चारदोन वेळां ब्रेक दाबतांच थांबली, तर तो केवळ वरवरचा गंज समजावा. रोज बारीक कर्कश आवाज येत असल्यास पुढील चाकांचे पॅड बहुधा झिजलेले असतात. त्यांची जाडी ३ मिलिमीटरांवर येतांच ते बदलावे. जड घरघर म्हणजे लोखंडावर लोखंड घासणें. अशा गाडींत माल भरूंच नये. मागील ड्रमांत सांचलेली धूळ व चिखल मिस्त्रीकडून काढवावा.

आवाज दबावा म्हणून पॅडास तेल लावणें म्हणजे ब्रेकच निकामी करणें होय. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. नाहीं तर गाडी एका अंगास ओढते. पॅडांचा खर्च थोडा, खराब झालेल्या डिस्कचा अधिक. आणि गेलेल्या जिवाची भरपाई तर कोणत्याच खात्यांत होत नाहीं, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.