रुमालात बांधलेला माळवा

अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि इंदूरने आपल्या राज्यकर्तीचे स्मरण मनापासून केले. मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली, ३१ मे रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तीनशे रुपयांचे नाणे आणि टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. हे सारे योग्यच झाले. पण या गजबजाटात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. देवींच्या कारभाराविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणामुळे ठाऊक झाले, आणि जे अजून कळायचे आहे ते कोणाच्या माळ्यावर पडून आहे? इंदूरच्या मराठी संस्थांनी आपल्या पैशाचा आणि मनुष्यबळाचा ठरावीक वाटा दरवर्षी मोडी कागदांच्या शोधाला, वाचनाला आणि छपाईला दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मागणी या शहराला परकी नाही. मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरले. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष. याच शहरातले सरदार माधवराव किबे १९२६ च्या मुंबई संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यांचे नाव आज बसस्थानकामुळे रोज हजारोंच्या तोंडी असते, ते विनायक सीताराम सरवटे राजकारणी होते, संविधान सभेचे सदस्य होते आणि मराठी साहित्याचे समालोचनही त्यांनी लिहिले. यांच्याइतकेच महत्त्वाचे, तरी फारसे कोणाच्या ओठी नसलेले नाव म्हणजे वा. वा. ठाकूर. 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' त्यांनी १९४४-४५ मध्ये इंदुरातून प्रसिद्ध केली. होळकरांवर गंभीरपणे लिहू पाहणाऱ्याला आजही ते खंड उघडावे लागतात. ऐंशी वर्षे उलटली, पिढ्या बदलल्या, संस्थान जाऊन राज्य आले. त्या कामाचा पुढचा टप्पा मात्र या शहराने अजून हाती घ्यायचा आहे.

कागदातून काय मिळते, असे विचारणाऱ्यांनी एक मोडी पत्र समोर घ्यावे. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी रेघ ओढली आहे, मग तिला अक्षरे टांगली आहेत. बोरू शक्य तितका न उचलता ओळ संपवली आहे. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर्ष लिहिले आहे 'इहिदे सबैन मया व अलफ', म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. हे सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येते, आणि जूनमध्ये सुरू होणारे हे वर्ष १७७१ च्या मेपर्यंत चालते. तिथीच्या जागी 'छ', म्हणजे चंद्र, त्याच्यापुढे आकडा आणि मुसलमानी महिना. एवढे उलगडले तरच त्या पत्रातला मामलेदार, त्याची तक्रार आणि महेश्वरहून त्याला गेलेले उत्तर आपल्यापुढे उभे राहते. देवींनी देशभर घाट आणि मंदिरे बांधली हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तो पैसा कुठून आला, हे सांगायला कागदच लागतो. १७३४ मध्ये देवींच्या सासू गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली, खासगीचा हिशेब दौलतीच्या हिशेबापासून वेगळा राहिला आणि धर्मकार्याचा मोठा भार त्या खासगीने उचलला. हे कळले की देवींविषयीचा आदर भाबडा राहत नाही. हिशेबाची शिस्त पाळणारी राज्यकर्ती दिसू लागते, आणि ती आरतीतल्या मूर्तीपेक्षा मोठी आहे.

हे काम सरकारचे, पुराभिलेखागाराचे आहे, असा आक्षेप हमखास येतो. सरकारी दप्तरांची जबाबदारी सरकारचीच, यात वाद नाही. पण घराघरांतली दप्तरे सरकारच्या ताब्यात नाहीत, आणि सरकारवर विसंबून मराठ्यांचा इतिहास उभा राहिलेलाही नाही. पेशवे दप्तराची दारे अभ्यासकांना कित्येक वर्षे बंद होती. इतिहासकार सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले ते १९३० नंतर. त्याच्या कितीतरी आधी, १८९८ पासून, इतिहास संशोधक राजवाडे गावोगाव फिरून मिळवलेले कागद छापत होते. त्यांचे २२ खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेही अशाच माणसांच्या हट्टातून.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. नाटकाला आणि गाण्याला सभागृह भरते, मोडीच्या वर्गाला कोण येणार? इथल्या 'सानंद' संस्थेने मराठी नाटकाचा प्रेक्षक महाराष्ट्राबाहेर इतकी वर्षे टिकवून धरला, ही लहान गोष्ट नाही, आणि त्यातला एक प्रयोगही कमी करावा असे आम्ही म्हणणार नाही. पण संशोधनाला गर्दी लागतच नाही. दहा जण आले, त्यांतले दोन टिकले आणि त्या दोघांना पाच वर्षे पुरेल असे विद्यावेतन मिळाले, तर एक दप्तर वाचून होते. संगणक उद्या मोडी वाचेल, मग माणसे कशाला, असेही म्हटले जाते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्याचा उपयोग करून घ्यायलाच हवा. तरी यंत्राला शिकवायला वाचून तपासलेली पाने लागतात आणि ती माणसांनीच तयार करावी लागतात. शिवाय कसर लागलेले पान यंत्रासाठी थांबून राहत नाही.

हिंदी प्रदेशात राहून मराठीचा वेगळा सवतासुभा कशाला, हा तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो मनात असतो. त्याला इंदूरच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. १९१७ मध्ये इथे मराठी संमेलन झाले आणि १९१८ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ मध्ये तर दोन्ही संमेलने इथेच भरली, हिंदीचे पुन्हा गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली. मध्य भारत हिंदी साहित्य समितीने १९२७ मध्ये सुरू केलेली 'वीणा' आजही निघते. चिकाटी कशी असते ते शेजारच्या दारी पाहून घ्यावे. आणि सीतामऊचे महाराजकुमार रघुबीर सिंह? हिंदीचे नामवंत लेखक, राजपूत राजघराण्यातले. त्यांनी शिंद्यांच्या कोटा येथील वकिलांचे गुळगुळे दप्तर आपल्या संग्रहात आणले आणि मंदसौर जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावात अभ्यासकांसाठी संस्था उभी केली. मराठी कागद हे माळव्याच्या शेतसाऱ्याचे, बाजारभावाचे, दुष्काळाचे आणि रस्त्यांचे कागद आहेत, हे त्यांनी ओळखले होते. मोडीत लिहिलेला पाटील-पटवाऱ्यांचा हा माळवा हिंदी भाषक माळवेकरांचाही आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा तर वाचन मराठीत आणि सारांश हिंदीत छापावा.

महाराष्ट्र साहित्य सभेने पुढाकार घ्यावा आणि इतर मराठी संस्थांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात त्यासाठी कायमची रक्कम राखून ठेवावी. देवी अहिल्या विद्यापीठाने मोडीचा प्रमाणपत्र वर्ग सातत्याने चालवावा, चारच विद्यार्थी आले तरी. घराण्यांना भीती असते ती जमिनीच्या वादांची आणि मूळ कागद हातचा जाण्याची. म्हणून घरी जाऊन छायाचित्रे घ्यावीत, मूळ कागद मालकाकडेच ठेवावा आणि त्याच्या संमतीवाचून एक ओळही छापू नये. जुन्या इंदूरमधले, रामबागेतले वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. सामान हलवताना सर्वांत आधी रद्दीत जाते ते न वाचता येणारे बाड. वाचकांना आमची विनंती एवढीच आहे की घरात अशा कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, असेल तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत तो टाकू नका. त्याची गाठ न सोडता साहित्य सभेला कळवा.