पदवी नववीतच हुकते



पोरगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला चार विषयांत अडकला, एटीकेटीच्या फेऱ्यांत दोन वर्षे घालवून घरी परतला, की गाव म्हणते, शहराची हवा लागली. बाप म्हणतो, नशिबात नव्हते. हवेचा आणि नशिबाचा यात संबंध थोडा. पोरगा नववीतच मागे पडला होता, कळले ते पाच-सहा वर्षांनी.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच साथ करतो. अपूर्णांक कच्चे असले तरी पोर वर सरकते आणि नववीच्या बीजगणितात उघडे पडते. त्याच वेळी कापूस फुटलेला असतो. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागची मजुरी परवडत नाही. मग दिवाळीची सुटी संपली तरी पोरे, त्यातही पोरी आधी, ओटी बांधून शेतात. यात आपलाही हात आहे, हे कबूल केले पाहिजे. कापसाला भाव असता तर मजूर लावले असते, हेही तितकेच खरे.

तरी पस्तीस मार्कांवर दहावी निघते. पेढे वाटले जातात. पुढे विज्ञान शाखा, आणि ती इंग्रजीत! काल मराठीत शिकलेले 'त्वरण' आज 'ॲक्सिलरेशन' होऊन समोर येते. ऐपतवाल्यांची पोरे लातूरला शिकवणी लावतात. आपली पोरे गाइड पाठ करून बारावी काढतात. गाइडच्या जोरावर बारावी निघते, पदवी निघत नाही.

जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगले केले. पण ही माफी केंद्रीय प्रवेशातून जागा मिळवणाऱ्या मुलीला. जिचे गणित नववीत सुटले, ती त्या यादीपर्यंत पोचणार कशी?

जिल्हा बैठकीला येताना गावच्या हायस्कुलात एवढे विचारून या : नववी-दहावीला गणित आणि इंग्रजी शिकवायला त्या विषयाचाच मास्तर आहे काय? नसेल तर जागा किती महिने रिकामी आहे? कागदावर लिहून आणा. शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन त्यावरूनच तयार करायचे आहे. आणि यंदाच्या वेचणीत नववीच्या पोरीला किती दिवस घरी ठेवले, तेही त्याच कागदावर लिहा.