भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणू नका

सोनाळ्याच्या मायबापांनो, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकरी भावांनो,

रानडुकरांनी एका रात्रीत वावर उलथून टाकलं की जीव कसा तळमळतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. अंबाबरव्याचं जंगल उशाशी आहे. हरभऱ्याला घाटे धरले की जागल सुरू होते. म्हणूनच आपल्याकडे काही घरांत पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. कुठे बारा बोरची, कुठे आज्याच्या काळातली ठासणीची. ती ठेवू नका, असं मी म्हणत नाही. पहाटे ती घरी परत आल्यावर तिचं काय होतं, एवढंच विचारतो आहे.

तुम्ही थकून येता. डोळे चुरचुरत असतात. बंदूक दाराआड टेकवली जाते, काडतूस आतच राहतं. संध्याकाळी पुन्हा न्यायचीच आहे ना! तुम्ही बाजेवर अंग टाकता आणि त्याच वेळी लेकरं उठतात. चार-पाच वर्षांचं पोर दोन्ही हात लावून चाप ओढू शकतं. त्याला ते खेळणंच वाटतं. आणि नळीसमोर कोण असणार? त्याची बहीण. चुलीपुढे बसलेली त्याची माय.

म्हणून बंदूक वावरातच रिकामी करा. घराकडे पाऊल टाकण्याआधी करा. नळी माणसांपासून, जनावरांपासून दूर धरा, बोट चापाबाहेर ठेवा. बारा बोरची असेल तर उघडा, काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. दिसला तरी पुन्हा एकदा पाहा. ठासणीच्या बंदुकीचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच जुनी जाणती माणसंही फसतात. बार पेटवणारी टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही. बार आत ठासलेलाच असतो. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो तिथे खूण करून ठेवा. गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर नळीत काहीतरी आहे. ते स्वतः उकरत बसू नका. परवानाधारक कारागिराकडून काढून घ्या.

भरलेलं हत्यार घरात असलं की शहरातल्या, पैसेवाल्या घरातही घात होतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. ते घरात होते, प्रवासाला निघण्याच्या तयारीत. ते वाचले. तिथे दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. आपल्या वस्तीवरून रात्रीची गाडी मिळायलाच किती वेळ जातो, ते तुम्हीच आठवा.

रिकामी बंदूक कुलपात ठेवा. खुंटीवर नको, गादीखाली नको, धान्याच्या कोठीमागे तर नकोच. गुळाचा डबा कुठे लपवला ते ज्या लेकरांना कळतं, त्यांना बंदूक सापडणार नाही? लोखंडी कपाट किंवा मजबूत पेटी, पक्कं कुलूप. काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. ठासणीची दारू चुलीपासून लांब, कोरड्या जागी. दोन्ही किल्ल्या तुमच्याजवळ, फळीवर नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी परवानाधारकाला द्यावी लागते. पण त्याहून मोठी हमी तुम्ही तुमच्या लेकराला दिली आहे, त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच.

आणि वहिनी, काकू, आजी, तुम्हीही ऐका. परवाना घरधन्याच्या नावावर असला तरी घर तुमचं आहे. रोज विचारा, "रिकामी केली का?" ते चिडले तरी विचारा. सोनाजी महाराजांच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा तर दोनदा विचारा. पाहुण्यांच्या पोरांना आपल्या घराची रीत ठाऊक नसते.

आता जड मनाने एक सांगतो. कपाशी हातची गेली, बँकेची नोटीस आली, आणि घरातला कर्ता माणूस दोन दिवस जेवला नाही, कुणाशी बोलला नाही, तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर काढा. निवडणुकीत ठाण्यात जमा करता, तशीच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायची सोय विचारा. त्यात कमीपणा काही नाही. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे, फोन रात्रीही उचलला जातो. फोन तुम्ही लावा आणि त्याच्या हातात द्या.

कट्ट्याबद्दल, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तुलाबद्दल, गप्प बसणं मला जमणार नाही. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. तिकडच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी हे गाव बेकायदा पिस्तुलांसाठी बदनाम झालं आहे, आणि तसली पिस्तुलं आपल्या सोनाळा-टुनकीच्या पट्ट्यात पोलिसांनी पकडली आहेत. तरण्या पोरांनो, कमरेला ते लोखंड खोचून मोबाइलवर फोटो टाकताना मायचा चेहरा आठवा. त्याला धड खटका नसतो. नळी तुमच्याच हातात फुटू शकते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर परवानाधारकालाही कैद होऊ शकते. घरात असं काही आलं असेल तर लपवू नका, नदीत फेकू नका. आधी वकिलाला गाठा, त्याला सोबत घेऊन ठाण्यात जा. सगळं माफ होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण उशीर कराल तर एखाद्या रात्रीच्या भांडणात ते बाहेर निघेल.

जेवणं झाली असतील. लेकरं झोपली असतील. आता उठा, दिवा लावा. बंदूक बाहेर अंगणात न्या, नळी मोकळ्या रानाकडे करा, रिकामी आहे ना ते पाहा. मग कुलूप लावा. ते ओढून बघा. किल्ली करगोट्याला बांधा आणि मग झोपा.